मोठा टर्बो आणि तोच मॅफ सेन्सर: पाइप मोठा करण्याआधी हे वाचा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो, मूळ १५० अश्वशक्तीची. त्यांनी मोठा टर्बो, समोर मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा) आणि ४४० सीसीचे इंजेक्टर बसवले. इंजेक्टरचा आकडा ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, नीट भरून घेतला आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, १.२ बार ठेवला. साडेचार हजार आरपीएमपर्यंत गाडी सुरेख पळते, त्यापुढे दम तुटतो आणि वाइडबँडवर, म्हणजे मिश्रण मोजणाऱ्या एक्झॉस्टमधल्या सेन्सरवर, मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) दिसतं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) कमी पडतोय. लेथवर मोठा पाइप करू, हाच सेन्सर त्यात बसवू, त्याच्या आधीची जाळी काढून टाकू." दुसऱ्याने सेन्सरच्या वायरमध्ये रेझिस्टर टाकायचा सल्ला दिला. यातलं काय करावं, असं त्यांनी विचारलंय.

निदान बहुधा बरोबर आहे. मॅफ कमी पडतोय असं मलाही वाटतं. पण दोन्ही उपाय जसे सांगितले तसेच केले तर मी माझी गाडी त्या माणसाच्या हातात देणार नाही. त्याचं कारण सविस्तर सांगतो, कारण पाइप बदलायला एक दुपार लागते आणि चुकलं तर पिस्टन बदलायला महिना जातो.

मॅफ सेन्सरचं काम हवा आत सोडण्याचं नाही, हवा मोजण्याचं आहे. आपल्याकडे बरेच जण त्याला वाटेतला अडथळा समजतात. "पाइप मोठा, श्वास मोठा" हे ऐकायला बरं वाटतं. पण तुमची तक्रार श्वास अडल्याची नाही, मोजणी थांबल्याची आहे.

तुमच्या गाडीत गरम फिल्मचा सेन्सर आहे. आत एक बारीक पट्टी ठरलेल्या तापमानाला तापवून ठेवलेली असते. हवा तिच्यावरून जाते, तिला थंड करते, आणि तिला पुन्हा त्या तापमानाला आणायला किती वीज लागली त्यावरून हवेचं वजन कळतं. आकारमान नव्हे, वजन. म्हणून कसारा घाट चढून वर आलात आणि हवा विरळ झाली तरी या सेन्सरला वेगळं काही सांगावं लागत नाही. त्याआधीच्या गाड्यांत झडपेचं मीटर असायचं. हवा ती झडप ढकलायची आणि स्प्रिंग तिला मागे ओढायची. जुने मिस्त्री त्या स्प्रिंगचं दातेरी चाक दोन-तीन दात फिरवून मिश्रण जुळवत. १९८१ मध्ये बॉशने एलएच-जेट्रॉनिकमध्ये गरम तारेचा सेन्सर आणला आणि तिथून आजच्या गरम फिल्मपर्यंत आपण आलो. फिरवायला चाक उरलं नाही. आता जे काही फिरवायचं ते ईसीयूमधल्या तक्त्यात.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सेन्सर सगळी हवा मोजत नाही. पाइपच्या मध्यावरच्या एका छोट्या खिडकीतून थोडी हवा त्याच्या आत शिरते, तेवढीच तो मोजतो. बाकीची हवा किती असेल ते ईसीयू गृहीत धरतो, कारण पाइपचा व्यास कारखान्यात ठरलेला असतो. भाताचं एक शीत दाबून सगळं पातेलं शिजलं का ते ओळखतो, तसं. पातेलं बदललं तर शितावरून काढलेला हिशोबही बदलायला हवा.

आता तुमच्या गाडीचा हिशोब करू. हे गणित प्रत्येकाने कागदावर एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं. इंजिन १७८१ सीसीचं. चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ५३४० लिटर, तासाला सुमारे ३२० घनमीटर. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब एक बार नसून ०.९४ बारच्या जवळ असतो. त्यात तुमचे १.२ मिळवले की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, २.१४ बार झाले. इंटरकूलरनंतर हवा ५० अंशांवर असेल असं धरलं तर तिची घनता घनमीटरला २.३ किलो येते. सिलिंडर पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरू. सगळं मिळून तासाला सुमारे ६३० किलो हवा, म्हणजे सेकंदाला १७५ ग्रॅम. पेट्रोल इंजिनात सेकंदाला एक ग्रॅम हवेमागे ढोबळमानाने सव्वा अश्वशक्ती मिळते, म्हणजे तुम्ही २२० च्या आसपास आहात.

बॉशचे हे सेन्सर वेगवेगळ्या क्षमतेच्या घरात (सेन्सर ज्यात बसतो तो पाइपचा तुकडा) येतात. तासाला ८ ते ३७० किलो, १० ते ४८०, १२ ते ६४०, १२ ते ८५० आणि १५ ते १०००. मूळ १५० अश्वशक्तीला तासाला ४३० किलोच्या आसपास हवा लागते, तेव्हा तुमचा मीटर ४८० चा असणं सयुक्तिक आहे. सेन्सरवरचा नंबर बघून ते पक्कं करा. ४८० ही हद्द तुमच्या आजच्या बूस्टला किती आरपीएमवर येते ते काढा. उत्तर येतं ४५८० च्या जवळ. तुमची गाडी साडेचार हजारावर दम सोडते असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी निदानाशी सहमत झालो.

त्यापुढे काय होतं ते भीतीदायक आहे. हवा वाढत राहते, सेन्सरचा आकडा थांबतो, ईसीयू थांबलेल्या आकड्याला पुरेल तेवढंच पेट्रोल देतो. सहा हजारावर हवा ३१ टक्के जास्त आणि पेट्रोल तेवढंच. लॅम्डा हा मिश्रणाचा आकडा: एक म्हणजे नेमकं, एकाखाली पेट्रोल जास्त, एकावर कमी. जिथे लॅम्डा ०.८२ हवा तिथे १.०७ होईल. पूर्ण बूस्टवर हा आकडा म्हणजे पिस्टनच्या माथ्यावर गॅस वेल्डिंगची ज्योत धरल्यासारखं आहे. त्यामुळे हे सगळं नीट होईपर्यंत कृपा करून बूस्ट ०.६ च्या वर नेऊ नका. हे काम आजच करा.

तरीही पैसे खर्च करण्याआधी एक खातरजमा हवी. वरच्या आरपीएमला लीन होण्याची कारणं तीन असतात आणि बाहेरून तिघं सारखीच दिसतात. पहिलं, मॅफ थकला. दुसरं, पेट्रोलचा पंप थकला. तिसरं, मॅफ आणि टर्बोच्या मध्ये कुठेतरी होज सुटून न मोजलेली हवा आत येतेय. लॉगमध्ये, म्हणजे गाडी चालताना ईसीयूकडून घेतलेल्या नोंदीत, मॅफचे व्होल्ट, मॅफचे ग्रॅम, आरपीएम आणि बूस्ट एकत्र घ्या. व्होल्ट वरच्या हद्दीला जाऊन आडवी रेघ झाली आणि आरपीएम चढतच राहिला, तर मॅफ संपला. व्होल्टला अजून जागा आहे पण लॅम्डा वर चढतोय, तर फ्युएल रेलवर गेज लावून प्रेशर बघा. ग्रॅमची रेघ आडवी आहे पण व्होल्ट हद्दीच्या खाली आहेत आणि बूस्टही पडतोय, तर टर्बोच संपलाय, मॅफ निर्दोष. माझ्याकडे आलेल्या अशा गाड्यांपैकी काहींमध्ये मोठा मॅफ आधीच विकत घेऊन ठेवलेला होता आणि दोष पंपाच्या अर्थिंगचा निघाला.

पंपाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ६३० किलो हवेला ०.८२ लॅम्डावर वीस टक्के इथेनॉलचं तासाला सुमारे ५७ किलो पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरमध्ये वाटलं आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही असं धरलं, तर किमान ३७० सीसीचे इंजेक्टर हवेत. तुमचे ४४० चे आहेत, ते पुरतात. पंप मूळचाच असेल तर मात्र तो मोजून घ्या.

आता त्या दोन सल्ल्यांकडे येतो.

मोठ्या पाइपमध्ये तोच सेन्सर बसवणं हा मुळात चुकीचा मार्ग नाही. समजा आतला व्यास ६२ मिलीमीटरचा ७१ केला. क्षेत्रफळ ३१ टक्क्यांनी वाढलं. तेवढ्याच हवेला वेग कमी झाला, सेन्सरचे व्होल्ट खाली आले, आणि ४८० वर संपणारा मीटर ६३० पर्यंत वाचू लागला. इथपर्यंत सगळं ठीक. पण ईसीयूला हे कुणी सांगितलं का? नाही सांगितलं तर तो प्रत्येक ठिकाणी खऱ्या हवेच्या ७६ टक्केच हवा आली असं समजतो.

आणि इथेच भले भले फसतात. मोठे इंजेक्टर बसवून ईसीयूला सांगितलं नाही आणि मोठा पाइप लावूनही सांगितलं नाही, तर दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. पेट्रोल बरोबर जुळतं. वाइडबँड छान दिसतो. गाडी आयडलला शांत, ट्रिम (ऑक्सिजन सेन्सरवरून ईसीयू करतो ती पेट्रोलची दुरुस्ती) शून्याजवळ. गॅरेजवाला म्हणतो, बघा, रीमॅप न करता, म्हणजे ईसीयूचे तक्ते न बदलता जमलं. पण हवेचा तो आकडा फक्त पेट्रोलसाठी नसतो. ईसीयू त्याच आकड्यावरून इंजिनावर लोड किती आहे ते काढतो आणि लोडवरून स्पार्कचं टायमिंग निवडतो. लोड जास्त असेल तर टायमिंग मागे, कमी असेल तर पुढे. लोड २४ टक्के कमी दिसलं की ईसीयू नकाशातल्या हलक्या लोडच्या रकान्यात जातो आणि टायमिंग पुढे घेतो. माझ्या अनुभवात अशा नकाशांत पाच-सहा अंशांचा फरक सहज पडतो. पूर्ण बूस्टवर पाच अंश जास्त अ‍ॅडव्हान्स म्हणजे इंजिन ठोकणार. हे ठोकणं ओळखणारा नॉक सेन्सर काही दिवस सांभाळून घेतो, टायमिंग मागे ओढत राहतो, आणि मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, भरलेली गाडी घाटात चौथ्या गिअरमध्ये दाबली की त्याच्याही हाताबाहेर जातं.

असं एक इंजिन मी उघडलं आहे. मिश्रण अगदी बरोबर होतं, प्लगचा रंग बरोबर होता आणि तिसऱ्या पिस्टनच्या रिंगमधली कड तुटली होती. मालक तरुण मुलगा होता, दोन वर्षांचे पैसे साठवून त्याने ती गाडी केली होती. गाडी ज्यांनी तशी करून दिली त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी फक्त वाइडबँड बघितला आणि टायमिंग बघितलं नाही. त्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. एवढं लांबलचक उत्तर मी लिहितोय त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

रेझिस्टरचा उपाय तर याहून वाईट. पाइपमध्ये निदान भौतिकशास्त्र आपल्या बाजूने असतं. रेझिस्टरने किंवा व्होल्ट अडवणाऱ्या डबीने सेन्सरचा आवाका एक ग्रॅमही वाढत नाही, फक्त खऱ्या आकड्यावर झाकण पडतं. ऑनलाइन 'पॉवर चिप' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त तुकड्यांमध्येही बहुतेक वेळा एक रेझिस्टरच असतो आणि तो हवेच्या तापमानाच्या वायरमध्ये टाकायला सांगतात. बाहेर ४० अंश असताना ईसीयूला १० अंश सांगितलं की तो उन्हाळ्याची सावधगिरी सोडून देतो. हा उपाय पूर्णपणे बाजूला ठेवा.

मग करायचं काय? ते गाडी कशासाठी आहे यावर अवलंबून आहे.

रोज चालवायची, द्वारका चौकात अर्धा तास एसी लावून उभी राहणारी गाडी असेल तर माझं मत स्पष्ट आहे. कंपनीचा मोठा मीटर पूर्ण घ्या, घर आणि सेन्सर दोन्ही एकाच नंबरचे, आणि त्या जोडीचा मूळ तक्ता ईसीयूमध्ये भरा. तुमच्या एमई७ ईसीयूमध्ये हा तक्ता ५१२ नोंदींचा आहे, शून्य ते पाच व्होल्ट, म्हणजे साधारण दर एक शतांश व्होल्टला एक आकडा. कारखान्यातल्या फ्लो बेंचवर मोजलेले ते ५१२ आकडे तयार मिळत असताना ते स्वतः अंदाजाने काढायचे कशाला?

६४० चा घ्यायचा की ८५० चा? इथे नाशिकची थंडी आडवी येते. वरचं ६३० हे ५० अंशांच्या हवेचं गणित होतं. जानेवारीत निफाडच्या बाजूला पहाटे पारा कुठे जातो ते आपण दरवर्षी वाचतो. इंटरकूलरनंतरची हवा ५० ऐवजी २५ अंशांवर आली तर तेवढ्याच बूस्टला आठ टक्के जास्त वजन आत जातं, म्हणजे ६८०. मग ६४० चा मीटर उन्हाळ्यात पुरेल आणि हिवाळ्यात पुन्हा तीच आडवी रेघ. मी हिशोबावर १५ टक्के शिल्लक ठेवतो, म्हणून तुमच्यासाठी ८५० चा. बूस्ट एक बारवर आणायची तयारी असेल तर ६४० चाही चालेल, आणि मी तुमच्या जागी असतो तर त्या पर्यायाचा खरंच विचार केला असता.

मोठ्या मीटरची किंमत खालच्या टोकाला मोजावी लागते, आणि ही बाजू फारसं कुणी सांगत नाही. तुमचं इंजिन गरम असताना आयडलला सेकंदाला अडीच-तीन ग्रॅम हवा घेतं, म्हणजे तासाला नऊ ते अकरा किलो. वरचे आकडे परत बघा. ६४० आणि ८५० चे मीटर १२ पासून वाचतात, १००० चा १५ पासून. म्हणजे तुमचं आयडल मीटरच्या खात्रीच्या हद्दीखाली जातं. ८५० वर एसी चालू असताना आयडल हद्दीच्या जवळपास येतं आणि उरलेलं ऑक्सिजन सेन्सर सांभाळतो, एवढं चालतं. १००० चा घेतला तर सिग्नलला गाडी वरखाली डुलत राहील. "पुढे लागेल म्हणून सगळ्यात मोठा घेऊ" असं इथे करू नका. मुलाच्या बुटासारखं एक माप मोठं घेता येत नाही.

फक्त रॅली किंवा ट्रॅकसाठी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे आणि अशा गाड्या माझ्याकडे येतात. तिथे मॅफ काढून टाकून मॅनिफोल्डचा दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून हवा काढणारा स्वतंत्र ईसीयू हा रास्त मार्ग आहे. वाटेत मोजमापाचा डबाच नाही, त्यामुळे हद्दही नाही आणि धूळही बसत नाही. पण मग इंजिन प्रत्येक आरपीएमला किती भरतं याचा पूर्ण तक्ता स्वतः बनवावा लागतो आणि कॅमशाफ्ट किंवा एक्झॉस्ट बदललं की तो पुन्हा बनवावा लागतो. मॅफवाल्या गाडीत तो त्रास नाही, कारण तो गृहीत धरत नाही, मोजतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मुळातच मॅफ नसतो, दाबाचाच सेन्सर असतो. ज्यांच्याकडे तशी गाडी आहे त्यांना हे उत्तर लागू नाही. आणि डिझेलवाल्यांनाही नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये मॅफ प्रामुख्याने ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडण्याची सोय) आणि धुराची मर्यादा सांभाळतो, तिथलं गणित निराळं.

कंपनीचा मोठा मीटर मिळत नसेल आणि पाइप बनवूनच घ्यायचा असेल, तर आपण योग्य गावात राहतो. अंबड आणि सातपूरच्या शेडमध्ये मायक्रॉनवर काम करणारे हात आहेत, व्यास कुणीही अचूक काढून देईल. ७२० किलोचं लक्ष्य धरलं तर ६२ चा व्यास ७६ करावा लागतो, आणि ७६ म्हणजे तीन इंच, त्या मापाची सिलिकॉन होज सहज मिळते. पण व्यास हा त्या कामाचा सोपा भाग आहे. माझं पहिलं घर मी असंच अंबडला करून घेतलं होतं आणि ते चुकलं. सेन्सरची बैठक मी पाइपच्या बाहेरच्या अंगाला ठेवली. सेन्सरची लांबी तीच, पाइप मोठा, त्यामुळे त्याची खिडकी मध्यावर न येता कडेजवळ राहिली. कडेला हवेचा वेग कमी असतो, म्हणून आकडा क्षेत्रफळाच्या हिशोबापेक्षाही खाली आला. वर सेन्सर तीन-चार अंश तिरका बसला होता. तेवढ्या तिरकेपणाने आकडे इतके हलले की मी दोन दिवस इंजेक्टरवर संशय घेत होतो. बैठक आत खाली घ्या, खिडकी मध्यावर आणा, तोंड प्रवाहाच्या बरोबर समोर ठेवा, आणि बैठकीला दोन पिन द्या म्हणजे दरवेळी तिथेच बसेल.

जाळी काढू नका. ती हवा अडवते म्हणून लोक काढतात. ती हवा सरळ करण्यासाठी असते. फिल्टरमधून वळून आलेली हवा गरगरत येते, खिडकीसमोर कधी जोरात तर कधी हळू जाते, आणि जाळी ते शांत करते. गरम फिल्मचे व्होल्ट हवेच्या प्रमाणात सरळ वाढत नाहीत. सुरुवातीला भराभर आणि वर गेल्यावर अगदी सावकाश वाढतात. त्यामुळे वरच्या टोकाला थोड्याशा व्होल्टमागे पुष्कळ किलो हवा लपलेली असते आणि तिथली थरथर महागात पडते. मीटरच्या आधी पाइप जमेल तेवढा सरळ ठेवा, निदान त्याच्या व्यासाच्या तीन-चार पट. ९० अंशांच्या कोपऱ्याला लगटून मीटर बसवू नका. पाइप ठेवायला जागा नाही अशी सबब मला रोज ऐकू येते. अशा वेळी बॅटरी हलवा, पण ही जागा काढा.

हवा बाहेर सोडणारा 'पिश्श' आवाजाचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला असेल तर तोही बदलून परत इनटेकला जोडा. मीटरने मोजलेली हवा बाहेर गेली की ईसीयू नसलेल्या हवेला पेट्रोल देतो. गिअर बदलताना काळा धूर आणि सिग्नलला गाडी बंद पडणं, हे बहुतेक त्याचंच काम असतं.

आता तक्ता जुळवणं. बनवलेल्या घरासाठी सुरुवातीला सगळ्या नोंदींना क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने गुणा, ६२ चे ७६ केले तर १.५ ने. ही फक्त सुरुवात. आयडल ते सावकाश चालवणं या भागात ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती, म्हणजे ट्रिम, वाचा. पहाटे ओझरच्या बाजूला रस्ता मोकळा असताना एका गिअरमध्ये स्थिर वेगाने, दर थोड्या व्होल्टला काही सेकंद थांबत. ट्रिम अधिक सहा असेल तर त्या व्होल्टच्या नोंदी सहा टक्के वाढवा. पूर्ण रेसचा भाग रस्त्यावर करू नका. त्यासाठी पुण्याला डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) जावं लागलं तरी जा. तिथे वाइडबँड वापरा: ०.८२ मागितलं आणि ०.८७ मिळालं तर त्या व्होल्टला सहा टक्के वाढ. आणि प्रत्येक फेरीत टायमिंग आणि नॉकचे आकडे लॅम्डाच्या शेजारच्या रकान्यात हवेतच.

चूक नक्की कुठली आहे ते ओळखायचं असेल तर तिचा ठसा बघा. सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी चूक असेल तर इंजेक्टरचा आकडा किंवा पेट्रोल. आयडलला मोठी चूक आणि लोडवर नाहीशी होत असेल तर हवेची गळती किंवा इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ. आरपीएम काहीही असो, ठरावीक व्होल्टलाच चूक येत असेल तर ती मॅफच्या तक्त्याची. तक्त्याला हात लावायचा तो फक्त या शेवटच्या प्रकारात.

पेट्रोलचा उल्लेख मुद्दाम केला. तुमच्या गाडीची मूळ मांडणी शुद्ध पेट्रोलची आहे, जिथे एक किलोला १४.७ किलो हवा लागते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला साडेतेरा पुरते. म्हणजे मॅफ अगदी बरोबर असला तरी ट्रिम सगळीकडे अधिक आठ-नऊ दिसणार. गेल्या काही महिन्यांत निव्वळ यासाठी मॅफ बदलून आलेल्या गाड्या मी पाहिल्या. तो फरक इंजेक्टरच्या आकड्यात घ्या, मॅफच्या तक्त्यात नको, नाहीतर लोड खोटं होईल आणि टायमिंग बिघडेल. वाइडबँडही १४.७ च्या भाषेत न वाचता लॅम्डात वाचा.

देखभालीचं थोडक्यात. तेल लावलेला फिल्टर वापरत असाल तर तेल नाममात्र लावा, ते उडून फिल्मवर बसतं आणि आकडा कमी येतो. सेन्सर साफ करायला मॅफसाठीचाच स्प्रे वापरा, कार्ब क्लीनर नाही, आणि बोट किंवा कापूस लावू नका. पावसाळ्यात इगतपुरीकडे जाणं असेल तर बंपरमागे खाली लटकणारा फिल्टर बसवू नका, तो पाणी ओढतो. लासलगावच्या एका गाडीच्या जाळीवर मला कांद्याचं फोलपट अडकलेलं सापडलं होतं. फिल्टरचा डबा नीट बंद झाला नव्हता. जाळी नसती तर ते थेट सेन्सरवर गेलं असतं.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ मांडणीपेक्षा वेगळे बदल करायला आडवं येतं. रस्त्यावरच्या गाडीत एवढा बदल करताना विम्याचा दावा अडकू शकतो, हे धरून चाला. पीयूसी निघणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याने बदल कायदेशीर होत नाही.

तुम्ही आधी एवढं करा. बूस्ट ०.६ वर आणा. सेन्सरवरचा नंबर लिहून घ्या, व्हर्नियरने घराचा आतला व्यास मोजा. मग तिसऱ्या गिअरमधला दोन हजार ते पाच हजार आरपीएमचा लॉग घ्या, त्यात मॅफचे व्होल्ट आणि ग्रॅम, बूस्ट, लॅम्डा, टायमिंग, नॉकमुळे मागे घेतलेले अंश आणि हवेचं तापमान असू द्या. कमी बूस्टवर रेघ आडवी होणार नाही, पण ६३० किलोचं गणित तुमच्या इंजिनाला किती लागू पडतं ते त्यावरून कळेल आणि ६४० की ८५० हे नक्की करता येईल. पंपाचं प्रेशरही त्याच दिवशी मोजून कळवा. तोपर्यंत मोठ्या पाइपची ऑर्डर थांबवा.